उघडी, बंद

माझ्या पानावर एकच शब्द असायचा:
उघडी, किंवा बंद.
खाली अल्वानीच्या माझ्या स्वयंपाकघरातून
दिवसातून दोनदा मी तो बदलायची,
वर खिंडीतला बुलडोझरवाला मिंदिया
फोनवर खोकत सांगेल तसा.

आठ वर्षं जागा फुकट होती.
फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी
एकदा ते पान उघडून बघावं.
शब्दाच्या डोक्यावर सट्ट्याची जाहिरात,
पायाशी टकलावर उगवणारे केस,
आणि अर्धा तास कुणी फिरकलं नाही
की घोरायला लागणारा यजमान.
घोरू दे.
पण सप्टेंबर सरता सरता बर्फ भुरभुरलं
आणि मेंढपाळ, ड्रायव्हर, चीजचे दलाल,
वर अडकलेल्या म्हाताऱ्यांच्या तिबिलिसीतल्या लेकी,
सगळ्यांनी एकदम दार ठोठावलं,
तेव्हा यजमान डोळे चोळत म्हणाला:
तुमची या महिन्याची मर्यादा संपली आहे.

ज्या एका दिवसासाठी ते पान होतं
त्याच दिवशी ते पांढरं.

म्हणून व्हीपीएस घेतला.
महिन्याला पंधरा लारी,
म्हणजे अर्धा किलो गुडा चीज.
मशीन फिनलंडात कुठेतरी. त्याला ना चेहरा, ना चित्र,
काळ्या खिडकीत एक पांढरी रेघ लुकलुकते
सरकारी कारकुनासारखी: बोला.
मी नववीला भौतिकशास्त्र शिकवते.
तरी पहिल्याच रात्री फायरवॉल लावताना
माझं स्वतःचं दारही लावून बसले.
आतून कडी, आणि मी बाहेर.
सगळं पुसलं. परत मांडलं.

बिऱ्हाड ते केवढं!
एक शब्द, एक तारीख,
वडिलांनी पेन्सिलीने काढलेला वळणांचा नकाशा.
अकरा सेकंदांत पोचलं.
फक्त आमची गोल गोल अक्षरं वाटेत फुटली,
शब्दाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उभी.
(खरं तर तेवढंच उत्तर
बऱ्याच दिवसांना पुरलं असतं.)
ती सांधता सांधता पहाटेचे चार वाजले.

मग पत्ता बदलला.

पत्ता बदलल्याची बातमी पायी चालते.
हे मला पाठ होतं, कळलेलं नव्हतं.
मुदतीचा आकडा आधीच कमी करून ठेवायचा असतो,
तो मी ठेवला नव्हता.
दोन दिवस कुणाचा फोन नव्या घरी जातो,
कुणाचा जुन्या, आणि कुणालाच
आपण कुठे आलोय ते समजत नाही.

गुरुवारी दुपारी मिंदिया म्हणाला, बंद.
मी नव्या पानावर लिहिलं: बंद.
जुन्यावर राहिलं: उघडी.
बुधवारचं, पण माझंच.

शेतेने जुनं पाहिलं.
त्याच्या डेलिकात पिठाची चार पोती,
एक शिलाई मशीन,
आणि मागच्या सीटवर सासूबाई नुत्सा.
नवव्या वळणावर चाकांनी ऐकायचं सोडलं.
मिंदिया पोचला तेव्हा काळोख झाला होता;
तिघांनी रात्र बुलडोझरच्या केबिनमध्ये काढली,
एकाच्या जागेत तिघं,
आणि म्हणे नुत्सा सकाळपर्यंत बोलत होती.

शनिवारी शेते माझ्याकडे आला.
ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
टेबलावर माझ्या फोनशेजारी त्याने त्याचा फोन ठेवला.
एकच पत्ता, दोन शब्द.
"पिक्रियाबाई, यातलं तुमचं कोणतं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तो चहा न घेता गेला. पिठाचं एक पोतं
भिजलं होतं, त्याचे पैसे त्याने
मागितले नाहीत, मी दिले, त्याने घेतले.

त्या रात्री मी जुन्या घरी गेले.
पासवर्ड तोच होता.
यजमानाला उठवलं, उघडी खोडलं,
बंद लिहिलं.
वर सट्टा तसाच चमचमत होता:
आजच आपलं नशीब आजमावून पाहा.